१९७३ विंबल्डन टेनिस स्पर्धा

१९७३ विंबल्डन टेनिस स्पर्धा ही लंडनच्या विंबल्डन उपनगरातील ऑल इंग्लंड क्लबच्या हिरवळीच्या कोर्टांवर भरलेली टेनिस स्पर्धा होती. १८७७ साली सुरू झालेल्या या स्पर्धेची ही ८७वी आवृत्ती होय. स्पर्धेस २५ जून १९७३ रोजी प्रारंभ झाला. चेकोस्लोव्हाकियाचा यान कोदेश पुरुष एकेरीत, तर अमेरिकेची बिली जीन किंग महिला एकेरीत विजेती ठरली. किंगने त्याच वर्षी महिला दुहेरी व मिश्र दुहेरी या स्पर्धाही जिंकल्या.

टेनिसच्या इतिहासात हे वर्ष निकालांपेक्षा बहिष्कारासाठी अधिक ओळखले जाते. युगोस्लाव्हियाचा खेळाडू निकी पिलिच याला स्पर्धेत प्रवेश नाकारण्यात आल्यामुळे व्यावसायिक टेनिसपटूंच्या संघटनेच्या ८१ सदस्यांनी विंबल्डनमधून माघार घेतली. माघार घेणाऱ्यांत गतविजेता स्टॅन स्मिथ, जॉन न्यूकोम, केन रोझवॉल, आर्थर ॲश व टॉम ओकर हे होते. मूळ यादीतील १६ मानांकित पुरुष खेळाडूंपैकी १३ जण स्पर्धेत उतरले नाहीत.

पार्श्वभूमी

विंबल्डनने १९६८ साली व्यावसायिक खेळाडूंना आपली दारे उघडली. त्यापूर्वी ही स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी होती. प्रत्यक्षात यांपैकी अनेक ‘हौशी’ खेळाडूंना प्रवासखर्चाच्या नावाखाली गुपचूप पैसे दिले जात. हे ढोंग संपवावे यासाठी ऑल इंग्लंड क्लबचे तत्कालीन अध्यक्ष हर्मन डेव्हिड यांनी पुढाकार घेतला होता. पाच वर्षांनंतर खेळाडूंच्या रोषाचे धनी होण्याची वेळ याच क्लबवर आणि याच अध्यक्षांवर आली. म्हणून १९७३चा संघर्ष ‘जुने विरुद्ध नवे’ एवढ्या सोप्या शब्दांत मांडता येत नाही.

खुल्या टेनिसमुळे पैशाचा प्रश्न सुटला, मात्र अधिकाराचा प्रश्न तसाच राहिला. कोणत्या खेळाडूने कोठे खेळावे हे प्रत्येक देशाचा टेनिस महासंघ ठरवीत असे आणि या महासंघांची शिखर संस्था म्हणून आंतरराष्ट्रीय लॉन टेनिस महासंघ काम पाही. दुसऱ्या बाजूस वर्ल्ड चॅम्पियनशिप टेनिससारखे खाजगी आयोजक खेळाडूंशी थेट करार करीत. या दोन सत्तांच्या भांडणात १९७२ साली करारबद्ध खेळाडूंना विंबल्डन खेळता आले नव्हते. १९७० व १९७१चा विजेता न्यूकोम त्यामुळे आपले विजेतेपद राखण्यासाठी कोर्टवर उतरूच शकला नाही. पुढील वर्षीच्या बहिष्काराने त्याचे सलग दुसरे विंबल्डन हुकले.

सप्टेंबर १९७२मध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या वेळी पुरुष खेळाडूंनी स्वतःची संघटना स्थापन केली. दक्षिण आफ्रिकेचा क्लिफ ड्रायस्डेल तिचा अध्यक्ष झाला, तर १९४७चे विंबल्डन विजेते जॅक क्रेमर यांच्याकडे कार्यकारी संचालकपद आले. असोसिएशन ऑफ टेनिस प्रोफेशनल्स, अर्थात एटीपी, या नावाने आज ओळखली जाणारी संस्था ती हीच. पिलिच प्रकरण उद्भवले तेव्हा तिला एक वर्षही पूर्ण झालेले नव्हते.

पिलिच प्रकरण

मे १९७३मध्ये झाग्रेब येथे युगोस्लाव्हिया व न्यूझीलंड यांच्यात डेव्हिस चषकाची लढत झाली. पिलिच या लढतीत खेळला नाही आणि युगोस्लाव्हियाचा पराभव झाला. आपण खेळण्याचे वचन दिले होते, असे त्याच्या महासंघाचे म्हणणे होते. पिलिचच्या म्हणण्यानुसार त्याचा होकार सशर्त होता. ऑस्ट्रेलियाच्या ॲलन स्टोनसह माँट्रियल येथील व्यावसायिक दुहेरीच्या अंतिम स्पर्धेस पात्र ठरलो नाही तरच झाग्रेबला येईन, असे त्याने कळविले होते. ही जोडी पात्र ठरली.

युगोस्लाव्ह महासंघाने पिलिचला नऊ महिन्यांसाठी निलंबित केले. सुनावणी प्रलंबित असल्यामुळे त्याला फ्रेंच खुल्या स्पर्धेत भाग घेता आला. तेथे वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्याने अंतिम फेरी गाठली, मात्र रुमानियाच्या इली नास्तासेकडून तो ६–३, ६–३, ६–० असा हरला. आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यानंतर शिक्षा एका महिन्यावर आणली. वरवर पाहता ही सवलत होती. परंतु तो एक महिना नेमका असा होता की त्यात विंबल्डन बुडत होते, आणि खेळाडूंच्या मते शिक्षेतील खरी मेख हीच होती.

संघटनेचा आक्षेप पिलिच या व्यक्तीपुरता मर्यादित नव्हता. व्यावसायिक खेळाडू आपल्या देशाच्या संघातून केव्हा खेळेल, हे त्याने स्वतः ठरवावे की महासंघाने, हा तिचा प्रश्न होता. महासंघाच्या एका आदेशाने खेळाडूची जगभरातील उपजीविका बंद होऊ शकत असेल तर खुल्या टेनिसला अर्थ उरत नाही, अशी तिची भूमिका होती. महासंघांच्या बाजूनेही एक रास्त मुद्दा होता. दिलेला शब्द मोडल्यास काहीच होणार नसेल तर डेव्हिस चषकासारख्या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धा चालवायच्या कशा?

खेळाडूंनी प्रथम न्यायालयाचा मार्ग धरला. विंबल्डनमध्ये प्रवेश मिळावा म्हणून लंडनच्या उच्च न्यायालयात अर्ज करण्यात आला. न्यायमूर्ती फोर्ब्स यांनी हस्तक्षेप करण्यास नकार दिला. निकालानंतर क्लबने पिलिचचा प्रवेश नाकारण्याचा निर्णय कायम ठेवला.

बहिष्काराचा निर्णय

स्पर्धा तोंडावर आली असताना लंडनमध्ये संघटनेच्या कार्यकारी मंडळाची बैठक झाली. बहिष्कार मागे घ्यावा की नाही यावर सात सदस्यांनी मतदान केले. क्रेमर, ॲश व जिम मॅकमॅनस बहिष्काराच्या बाजूने राहिले. स्टॅन स्मिथ, जॉन बॅरेट व मार्क कॉक्स यांनी तो मागे घेण्याच्या बाजूने मत दिले. निर्णायक मत अध्यक्ष ड्रायस्डेल याच्या हाती होते. तो तटस्थ राहिला. मते समसमान पडल्याने पूर्वीचा निर्णय बदलला नाही आणि बहिष्कार कायम झाला.

स्मिथचे उदाहरण येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. तो विंबल्डनचा गतविजेता होता आणि त्याने बहिष्काराविरुद्ध मतदान केले होते. निर्णय झाल्यावर मात्र त्यानेही बहुसंख्य सदस्यांसोबत आपले नाव मागे घेतले. ज्या कोर्टवर एक वर्षापूर्वी त्याने नास्तासेला पाच सेटमध्ये हरविले होते, तेथे विजेता म्हणून परतण्याची संधी त्याने सोडून दिली.

तीन सदस्यांनी संघटनेचा आदेश मानला नाही. ते म्हणजे नास्तासे, ब्रिटनचा रॉजर टेलर व ऑस्ट्रेलियाचा रे केल्डी. रुमानियाच्या महासंघाने खेळण्याचा आदेश दिल्याचे नास्तासेचे म्हणणे होते. टेलर हा शेफिल्डच्या पोलाद कामगाराच्या घरातला. त्याच्यावर दोन्हीकडून दडपण होते, कारण ब्रिटिश वृत्तपत्रे व प्रेक्षक उघडपणे स्पर्धेच्या बाजूचे होते, तर सहकारी खेळाडू त्याच्याकडून एकजुटीची अपेक्षा करीत होते. संघटनेने नंतर या तिघांनाही दंड केला. अमेरिकेचा जिमी कॉनर्स त्या वेळी संघटनेचा सदस्यच नसल्याने त्याच्यापुढे हा पेच नव्हता.

रिकाम्या झालेल्या जागा पात्रता फेरीतील खेळाडूंनी भरण्यात आल्या. तेथे पराभूत झालेल्या अनेकांनाही मुख्य स्पर्धेत प्रवेश मिळाला. मानांकनाची यादी नव्याने करण्यात आली. तीत नास्तासेला पहिले, कोदेशला दुसरे, टेलरला तिसरे, सोव्हिएत संघाच्या अलेक्स मेत्रेवेलीला चौथे, कॉनर्सला पाचवे व स्वीडनच्या ब्यॉन बोर्गला सहावे मानांकन मिळाले.

प्रेक्षकांनी मात्र स्पर्धेकडे पाठ फिरविली नाही. एकूण ३,००,१७२ प्रेक्षक आले. विंबल्डनच्या तोपर्यंतच्या इतिहासातील ही दुसऱ्या क्रमांकाची उपस्थिती होती.

पुरुष एकेरी

अव्वल खेळाडू नसल्यामुळे विजेतेपद नास्तासेकडे जाणार असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. चौथ्या फेरीत अमेरिकेच्या सँडी मेयरने त्याला हरविले. मेयर हा स्टॅनफर्ड विद्यापीठाचा खेळाडू असून त्याच वर्षी अमेरिकन आंतरविद्यापीठ एकेरीचा विजेता होता. पुढे त्याने पश्चिम जर्मनीच्या युर्गेन फासबेंडरला नमवून उपांत्य फेरी गाठली. तेथे मेत्रेवेलीने त्याला रोखले. मेत्रेवेलीने त्यापूर्वी कॉनर्सचा पराभव केला होता.

सतरा वर्षांच्या बोर्गची ही पहिलीच विंबल्डन स्पर्धा. शाळकरी मुलींच्या झुंडी त्याच्यामागे लागल्या आणि टेनिसला तोवर अपरिचित असलेला चित्रपटतारकांचा थाट या लाजाळू मुलाभोवती उभा राहिला. उपांत्यपूर्व फेरीत टेलरने त्याला पाच सेटमध्ये हरविले.

भारतीय वाचकांच्या दृष्टीने या स्पर्धेतील महत्त्वाची लढत म्हणजे कोदेश व विजय अमृतराज यांचा उपांत्यपूर्व सामना. मद्रासचा अमृतराज तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. रामनाथन कृष्णन याने १९६० व १९६१ साली उपांत्य फेरी गाठल्यानंतर एकेरीत इतक्या पुढे जाणारा तो पहिला भारतीय ठरला. पहिला सेट गमावल्यावर त्याने पुढील दोन सेट जिंकून आघाडी घेतली. अखेर कोदेशने ६–४, ३–६, ४–६, ६–३, ७–५ अशी बाजी मारली. पाचव्या सेटमधील दोन-तीन गुण इकडचे तिकडे झाले असते तर त्या वर्षीच्या विजेत्याचे नाव बदलले असते, असे म्हणण्यास जागा आहे. बहिष्कारामुळे अमृतराजला हे यश मिळाले असा समज होऊ नये. काही आठवड्यांतच फॉरेस्ट हिल्स येथे अमेरिकन खुल्या स्पर्धेत सर्व दिग्गज उपस्थित असताना त्याने रॉड लेव्हरला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. विंबल्डनमध्ये तो १९८१ साली पुन्हा या टप्प्यापर्यंत पोहोचला.

उपांत्य फेरीत कोदेशची गाठ टेलरशी पडली. सेंटर कोर्टवरील प्रेक्षक अर्थातच टेलरच्या बाजूने होते. ८–९, ९–७, ५–७, ६–४, ७–५ हे गुण पाहिले तरी सामना किती अटीतटीचा झाला याची कल्पना येते. अंतिम सामना त्या मानाने एकतर्फी होता. कोदेशने मेत्रेवेलीला ६–१, ९–८, ६–३ असे हरविले. दुसऱ्या सेटमधील टायब्रेक त्याने ७–५ असा जिंकला.

या गुणसंख्यांतील ‘९–८’ आजच्या वाचकास विचित्र वाटेल. विंबल्डनमध्ये १९७१ ते १९७८ या काळात टायब्रेक ६–६ऐवजी ८–८ अशी बरोबरी झाल्यावर खेळला जाई आणि निर्णायक सेटमध्ये तो नसे.

तिबिलिसीत जन्मलेला मेत्रेवेली हा ग्रँड स्लॅम एकेरीच्या अंतिम फेरीत पोहोचलेला सोव्हिएत संघाचा पहिला पुरुष खेळाडू होय. कम्युनिस्ट राजवटीखालील दोन देशांच्या खेळाडूंत विंबल्डनचा अंतिम सामना व्हावा, हेही प्रथमच घडत होते. व्यावसायिकांच्या हक्कांवरून पेटलेल्या वादात असा सामना घडून यावा यातील विरोधाभास लक्षवेधी आहे.

कोदेशच्या विजेतेपदाचे मूल्यमापन

बहिष्कारामुळे मिळालेले विजेतेपद असा शिक्का कोदेशच्या यशावर बसला आणि तो पूर्णतः पुसला गेलेला नाही. या शिक्क्याची शहानिशा त्याच्या इतर निकालांवरून करणे योग्य ठरेल. १९७० व १९७१ साली त्याने फ्रेंच खुली स्पर्धा जिंकली होती. ती मातीच्या कोर्टवरची असल्याने हिरवळीवर तो कमी पडेल असा आक्षेप घेता आला असता. त्या काळी चारपैकी तीन ग्रँड स्लॅम स्पर्धा हिरवळीवर होत असल्यामुळे या आक्षेपास वजनही होते. तथापि १९७१ साली फॉरेस्ट हिल्सच्या हिरवळीवर तो अंतिम फेरीत पोहोचला होता आणि १९७२च्या विंबल्डनमध्ये सर्वोत्तम चौघांत होता. या दोन्ही वेळी त्याला स्मिथने हरविले. सप्टेंबर १९७३मध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत त्याने त्याच स्मिथला नमविले आणि अंतिम सामन्यात न्यूकोमविरुद्ध पाच सेटपर्यंत झुंज दिली. सर्व खेळाडू असते तर तो विंबल्डन जिंकला असता असे यावरून सिद्ध होत नाही. तो विजेतेपदास अपात्र नव्हता, एवढे मात्र निश्चित होते.

महिला एकेरी

महिलांच्या स्पर्धेवर बहिष्काराचा परिणाम झाला नाही. सर्व आठ मानांकित खेळाडू उपांत्यपूर्व फेरीत दाखल झाल्या, म्हणजे दर्जाच्या दृष्टीने त्या वर्षीचे खरे विंबल्डन महिलांचे होते. अग्रमानांकित मार्गारेट कोर्टने ऑस्ट्रेलियन व फ्रेंच विजेतेपदे आधीच मिळविली होती आणि पुढे अमेरिकन विजेतेपदही तिने जिंकले. एका वर्षात चारही स्पर्धा दुसऱ्यांदा जिंकण्याचा तिचा योग विंबल्डनमध्येच हुकला. उपांत्य फेरीत अठरा वर्षांच्या ख्रिस एव्हर्टने तिला ६–१, १–६, ६–१ असे हरविले. पॅरिसमध्ये अंतिम सामन्यात कोर्टकडून झालेल्या पराभवाची ही परतफेड होती.

दुसऱ्या उपांत्य सामन्यात किंगने इव्हॉन गुलागाँगवर ६–३, ५–७, ६–३ असा विजय मिळविला. अंतिम फेरीत तिने एव्हर्टला पहिल्या सेटमध्ये एकही गेम घेऊ दिला नाही आणि सामना ६–०, ७–५ असा जिंकला. किंगचे विंबल्डन एकेरीचे हे पाचवे विजेतेपद होते. एकेरी, महिला दुहेरी व मिश्र दुहेरी अशी तीनही विजेतेपदे एकाच वर्षी मिळविण्याची कामगिरी तिने १९६७नंतर दुसऱ्यांदा केली.

कोर्टबाहेरही किंगसाठी तो महिना महत्त्वाचा होता. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात लंडनच्या ग्लॉस्टर हॉटेलमध्ये महिला खेळाडूंची बैठक तिने बोलाविली. निर्णय होईपर्यंत कोणी बाहेर जाऊ नये म्हणून दारावर नेदरलँड्सची धिप्पाड बेटी स्टोव्ह उभी राहिली, अशी आठवण सांगितली जाते. या बैठकीतून महिला टेनिस संघटना जन्मास आली व किंग तिची पहिली अध्यक्ष झाली. त्या वर्षी विंबल्डनच्या पुरुष विजेत्यास ५,००० पौंड तर महिला विजेतीस ३,००० पौंड मिळाले. अमेरिकन खुल्या स्पर्धेने १९७३ सालीच समान बक्षिसे दिली. विंबल्डनला त्यासाठी २००७ साल उजाडावे लागले. २० सप्टेंबर १९७३ रोजी ह्यूस्टन येथे किंगने पंचावन्न वर्षांच्या बॉबी रिग्जला हरविले तो बहुचर्चित सामना याच उन्हाळ्याच्या अखेरीचा.

दुहेरी

पुरुष दुहेरीत कॉनर्स व नास्तासे ही जोडी विजयी झाली. त्यांच्यासमोरील जॉन कूपर व नील फ्रेझर या ऑस्ट्रेलियन जोडीपैकी फ्रेझर १९६०चा एकेरी विजेता होता आणि आता चाळिशीला टेकला होता. तरीही सामना पाच सेटपर्यंत गेला. किंग व रोझी कॅझल्स यांनी एकत्रितपणे विंबल्डन दुहेरी पाचव्यांदा जिंकली. कनिष्ठ मुलींच्या अंतिम सामन्यात पराभूत झालेली सोळा वर्षांची खेळाडू मार्टिना नवरातिलोव्हा होती. तिला अमेरिकेच्या ॲन कियोमुराने हरविले.

अंतिम निकाल

पुरुष एकेरी: यान कोदेश वि. वि. अलेक्स मेत्रेवेली, ६–१, ९–८, ६–३

महिला एकेरी: बिली जीन किंग वि. वि. ख्रिस एव्हर्ट, ६–०, ७–५

पुरुष दुहेरी: जिमी कॉनर्स / इली नास्तासे वि. वि. जॉन कूपर / नील फ्रेझर, ३–६, ६–३, ६–४, ८–९, ६–१

महिला दुहेरी: रोझी कॅझल्स / बिली जीन किंग वि. वि. फ्रँस्वाझ ड्यूर / बेटी स्टोव्ह, ६–१, ४–६, ७–५

मिश्र दुहेरी: ओवेन डेव्हिडसन / बिली जीन किंग वि. वि. राउल रामिरेझ / जॅनेट न्यूबेरी, ६–३, ६–२

कनिष्ठ मुले: बिली मार्टिन वि. वि. कॉलिन डाउडेसवेल, ६–२, ६–४

कनिष्ठ मुली: ॲन कियोमुरा वि. वि. मार्टिना नवरातिलोव्हा, ६–४, ७–५

परिणाम

त्या पंधरवड्यात खेळाडू हरल्यासारखे दिसत होते. स्पर्धा पार पडली, प्रेक्षकांची गर्दी झाली आणि ब्रिटिश वृत्तपत्रांनी बहिष्कार करणाऱ्यांना पैशाचे लोभी ठरविले. परंतु जगातील सर्वांत प्रतिष्ठित स्पर्धेवर पाणी सोडण्याची खेळाडूंची तयारी आहे, हे महासंघांना कळून चुकले. ऑगस्ट १९७३मध्ये संघटनेने संगणकाच्या आधारे केलेली पहिली क्रमवारी प्रसिद्ध केली आणि नास्तासे तिच्यात पहिल्या क्रमांकावर आला. स्पर्धांतील प्रवेश कोणाच्या मर्जीवर न ठेवता कामगिरीवर ठरविण्याची सोय त्यामुळे झाली. १९७४ साली खेळाडू, आंतरराष्ट्रीय महासंघ व स्पर्धा आयोजक यांचे प्रतिनिधी असलेले संयुक्त मंडळ पुरुषांच्या व्यावसायिक टेनिससाठी स्थापन झाले. १९९०पासून पुरुषांच्या स्पर्धामालिकेचे संचालन एटीपीकडे आले.

खेळाडूंच्या संघटना व विंबल्डन यांच्यात पुन्हा मोठा संघर्ष झाला तो २०२२ साली. युक्रेनवरील आक्रमणानंतर क्लबने रशिया व बेलारूसच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. या वेळी कोणी बहिष्कार घातला नाही. पुरुष व महिला संघटनांनी त्या वर्षीच्या विंबल्डनचे क्रमवारी गुण काढून घेतले.

पिलिच पुढे प्रशिक्षक म्हणून नावारूपास आला. ज्या डेव्हिस चषकावरून हे सारे प्रकरण घडले, तोच चषक त्याच्या मार्गदर्शनाखाली पश्चिम जर्मनीने १९८८ व १९८९ साली, एकीकृत जर्मनीने १९९३ साली आणि क्रोएशियाने २००५ साली जिंकला.